शिकारी माशाचं पोट कसं वाचायचं

आधी बर्फ, मग सुरी. मासा मेला तरी त्याच्या पोटातले पाचक रस मरत नाहीत, आणि पाणी जितकं कोमट तितकं पचन झपाट्याने होतं. मासा उन्हात पडून राहिला तर पोटात नुसता लगदा मिळतो. म्हणून मासा हाती आला की तो लगेच बर्फात जातो आणि मी वही काढते: वेळ, भरती की ओहोटी, पाण्याची खोली, माशाची लांबी, आणि गळाला काय लावलं होतं. हे शेवटचं विसरू नका. एकदा एका पोटात कोळंबी बघून मी हरखून गेले होते. मग लक्षात आलं, ती सोललेली आहे. समुद्रात सोललेली कोळंबी कुठून येणार? माझंच आमिष!

पोटाला हात लावण्याआधी तोंड बघा. मासा काय खातो यापेक्षा तो कसा खातो हे तिथे जास्त कळतं. जिताड्याचे दात अगदी बारीक, बोटाला खरखरीत मखमलीसारखे लागतात. त्यांनी काही कापता येत नाही. तो दबा धरून बसतो, जबडा एकदम उघडतो आणि आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही ओढलं जातं. त्यामुळे त्याच्या पोटात भक्ष्य अख्खं मिळतं. (कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र पात्यासारखी असते. हातमोजे घाला, माझ्या अंगठ्यावर खूण आहे.) हेकरूही असाच ओढून गिळणारा. सुरमईचं गणित वेगळं. तिचे दात चपटे, त्रिकोणी, धारदार. ती वेगाने येऊन भक्ष्याचे तुकडे पाडते. तिच्या पोटात नुसतं शेपूट किंवा अर्धं धड निघालं तर ते पचून उरलंय असं समजू नका, आधी कड नीट बघा. सरळ कापलेली असेल तर ते दातांचं काम.

कल्ला उचलून आतल्या कमानीवरचे काटेही बघा. तारलीसारख्या गाळून खाणाऱ्या माशात ते फणीसारखे दाट असतात, मासे गिळणाऱ्यांत आखूड आणि विरळ. मांसाहाऱ्याचं आतडंही आखूडच असतं.

आता पोट. अन्ननळीकडून आणि आतड्याकडून दोऱ्याने बांधून घ्या, मग कापा, म्हणजे काही सांडत नाही. पांढऱ्या ताटलीत उघडा. किती भरलंय ते शून्य ते चार अशा अंदाजाने लिहा. अख्खा मासा असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते बघा. बहुतेकदा तो डोक्याकडून गिळलेला असतो, कारण तसं गिळताना परांचे काटे मिटतात, घशात अडकत नाहीत. मग सगळं बारीक चाळणीत पाण्याखाली धुवा. मांस गेलं तरी कठीण भाग राहतात: मणके, खवले, खेकड्याचे आकडे, माकुळाची काळी चोच आणि माशांच्या कानातले पांढरे खडे. या खड्यांचा आकार जातीजातीत वेगळा असतो, त्यामुळे सवय झाली की नुसत्या खड्यावरून भक्ष्य ओळखता येतं.

इथेच मी फसले होते. पहिल्या वर्षीच्या वहीत माकूल सगळ्यांत वर होतं आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की माकूलच लावा. पण ती चोच कायटिनची असते, सहज पचत नाही, पोटात साठत जाते. मासळीचं मांस तेवढ्यात विरघळून जातं. कानातले खडेही आम्लाने झिजतात, आणि बांगड्यासारख्यांचे तर मुळात इवलेसे. थोडक्यात, मी पोटात काय टिकतं ते मोजत होते. आता चोचीला मांस चिकटलेलं असेल तरच ती ताज्या जेवणात धरते.

मोजणीही एकाच पद्धतीने करू नका. समजा बोंबलाच्या पोटात चाळीस जवळे आणि एक छोटा बोंबील निघाला (हो, ते आपल्याच जातीला खातात). संख्येने बघाल तर जवळा जिंकतो, वजनाने बोंबील. १९७१ सालापासून अभ्यासक यासाठी एक सूत्र वापरतात: संख्येची टक्केवारी अधिक वजनाची (मूळ सूत्रात आकारमानाची) टक्केवारी, ही बेरीज गुणिले ते भक्ष्य किती टक्के पोटांत सापडलं. मला हे आवडतं, कारण एका हावरट माशामुळे सगळा हिशेब बिघडत नाही. लहानमोठे मासे मात्र एकत्र घालू नका. पोरसवदा जिताड्याच्या खाण्यात कोळंबीवर्गीय प्राण्यांचा वाटा मोठा असतो, मोठा जिताडा माशांकडे वळतो. दोघांची सरासरी काढाल तर ती दोघांपैकी कोणालाच लागू पडणार नाही.

गिळलेल्या माशाच्या पोटातलं बारीकसारीक बाहेर सांडलं असेल तर तेही वेगळं काढा. ते शिकारी माशाने स्वतः खाल्लेलं नाही.

रिकामी पोटंही लिहून ठेवा. फक्त खोल पाण्यातून पटकन वर ओढलेल्या माशाचं जपून. त्याच्या आतली हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं आणि जेवण वाटेतच सांडतं. अशा माशापुढे मी 'रिकामं' लिहीत नाही, 'उलटलं' लिहिते आणि हिशेबात धरत नाही.