फळीचे कोपरे गोल करायला व्हॅक्युमचा जिग

हा जिग म्हणजे फळीवर ठेवायचा साचा; खालची हवा पंपाने ओढली की तो क्लॅम्पशिवाय फळीला घट्ट धरून राहतो. 12 मिमी प्लायचा, वरून सनमायका लावलेला साचा घ्या. त्याच्या एका कोपऱ्याला 25 मिमी त्रिज्येची गोलाई घासून अगदी सफाईदार करा, कारण तिथला प्रत्येक खड्डा लाकडावर जसाच्या तसा उतरतो. खालच्या बाजूला 6 मिमी रुंद, 4 मिमी खोल खाच चौकोनात फिरवून 6 मिमीची बंद छिद्रांची फोमपट्टी बसवा. साध्या स्पंजातून हवा शिरते. प्लायच्या कडांना फेविकॉलचे दोन हात द्या. पंपाच्या नळीचे तोंड राउटरच्या (लाकडाची कड कोरणाऱ्या यंत्राच्या) वाटेपासून लांब ठेवा.

फोमपट्टीच्या आतली जागा 12 × 10 सेंमी असेल आणि व्हॅक्युम मीटरचा काटा 500 मिमीवर (पाऱ्याच्या) असेल, तर पकड साधारण 80 किलोची. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच, त्यामुळे इथे काटा 710च्या आसपासच थांबणार. पंपाला दोष देऊ नका. एसी मेकॅनिकचा पंप चालतो, घरगुती व्हॅक्युम क्लीनर नाही. पंपाआधी फिल्टर हवाच.

साचा उचलला जात नाही, सरकतो! म्हणून आत 120 नंबरच्या पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवा. दोन कडांना आधारपट्ट्या लावा, पण कोपऱ्याच्या 40 मिमी अलीकडे थांबवा.

कोपरा जिगसॉने 2 मिमी राखून कापा, मग राउटरला दांड्याजवळ बेअरिंग असलेली बिट (कापणारे पाते) लावून, बेअरिंग साच्याच्या कडेला टेकवत फिरवा.