‘फेअरली’, ‘रादर’ आणि वहीतील लाल शाईचे सूत्र

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ‘फेअरली’ (fairly) आणि ‘रादर’ (rather) या इंग्रजी क्रियाविशेषणांसाठी बहुतेक वेळा एकच सूत्र मिळते: चांगल्या विशेषणाआधी ‘फेअरली’, वाईटाआधी ‘रादर’. सांगलीत विश्रामबागेच्या अभ्यासिकेत मीही ते वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले होते. सूत्र खोटे नाही, अर्धे आहे. आणि पाठांतरासाठी अर्धे सूत्र हातात ठेवून पुढच्या प्रकरणाकडे वळणाऱ्या मार्गदर्शकांविषयी माझे मत आजही फारसे बरे नाही.

सराव परीक्षेत वाक्य आले, ‘माय ब्रदर इज फीलिंग डॅश बेटर टुडे’. बरे वाटणे ही चांगली गोष्ट, म्हणून मी बेधडक ‘फेअरली’वर खूण केली आणि गुण गमावला. तुलनादर्शक रूपाआधी ‘फेअरली’ येतच नाही. ‘बेटर’ असो, ‘वर्स’ असो की ‘टॉलर’, अर्थ सुखाचा आहे की दुःखाचा हे तिथे पाहायचेच नाही. ‘रादर बेटर’, ‘रादर टॉलर’ असेच लिहावे लागते. ‘रादर टू स्मॉल’मधल्या ‘टू’ (too, म्हणजे ‘फारच’) या शब्दाआधीही तेच. म्हणून रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द आधी वाचावा, सूत्र नंतर आठवावे. एवढे न केल्याने मी हीच चूक पुन्हा केली.

‘हॉट’, ‘स्पायसी’ अशी विशेषणे मुळात चांगलीही नसतात आणि वाईटही नसतात. तिथे बोलणाऱ्याचे मत त्या क्रियाविशेषणातून कळते. सांगलीचा माणूस भडंग खाऊन ‘फेअरली स्पायसी’ म्हणेल, म्हणजे ‘बऱ्यापैकी तिखट आहे, आणखी आणा’. तेच भडंग खाऊन पाण्याचा तांब्या शोधणारा पाहुणा ‘रादर स्पायसी’ म्हणेल, म्हणजे ‘जरा तिखटच आहे’. आपल्या मराठीतला हा ‘जरा’ आणि ‘च’ ज्याला कळतो, त्याला ‘रादर’ निम्मा आधीच आलेला असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

‘रादर गुड’ दिसले की मात्र ते चूक समजून खोडू नये. अपेक्षेपेक्षा चांगले निघाले, असे त्यातून सुचवले जाते. मी ते दोनदा खोडले होते.