ई-स्कूटर: उभ्याची की सीटची?
अमेरिकी रुग्णाच्या चार्टमध्ये, म्हणजे वैद्यकीय नोंदीत, नुसतं ‘ई-स्कूटर’ दिसलं की पुण्यातल्या मेडिकल कोडरच्या (नोंद वाचून दुखापत-अपघाताचे आयसीडी-१०-सीएम कोड लावणाऱ्याच्या) डोळ्यांसमोर सीटवाली गाडी येते आणि अपघाताचा कोड मोटारसायकलच्या व्ही२० ते व्ही२९ मध्ये जातो. उभ्याने चालवायच्या स्कूटरला ऑक्टोबर २०२० पासून वेगळे कोड आहेत: चालवणारा पडला तर व्ही००.८४१, खांबाला आदळला तर व्ही००.८४२, रस्त्यावर कारची धडक बसली तर व्ही०३.१३१. पायी चालणाऱ्याला उडवलं, तर त्या पादचाऱ्याच्या चार्टवर व्ही००.०३१. या कोडच्या शेवटी उपचाराचा टप्पा सांगणारं सातवं अक्षर लागतं; ते राहिलं की कोडच अवैध. त्यातला ‘ए’ पहिल्या भेटीपुरता नसतो, सक्रिय उपचार चालू असेपर्यंत तोच. दुखापत सांगणारा, ‘एस’ने सुरू होणारा कोड आधी, अपघात कसा झाला ते सांगणारे हे व्ही कोड कायम मागे. नोंद मोघम असेल तर डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) पाठवा: स्कूटर उभ्याची की सीटची, धडक कशाशी?