मोठ्या टायरमध्ये हवा किती भरावी? ट्रकच्या बाबतीत या चुका टाळा

ट्रकला मूळच्यापेक्षा मोठे टायर बसवले की हवेचा आकडा बहुतेक जण टायरच्या बाजूवर शोधतात. तिथे छापलेला दाब हा त्या टायरने आपला कमाल भार पेलावा यासाठी लागणारा दाब असतो. रोजच्या वापराची ती शिफारस नव्हे. भार कमी असताना तेवढी हवा भरली तर नक्षीचा मधला पट्टाच काय तो रस्त्याला नीट टेकतो, मधला भाग लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना पकड कमी पडते.

दुसरी चूक याच्या उलट आहे. दाराच्या चौकटीवर वाहन कंपनीने दिलेला हवेचा आकडा मूळ मापाच्या आणि मूळ प्रकारच्या टायरसाठी असतो. पिकअपचे प्रवासी प्रकारचे टायर काढून ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांच्या) प्रकारचे टायर बसवले आणि हवा जुन्याच आकड्यावर ठेवली, तर तितक्याच दाबाला हे जाडजूड टायर सहसा कमी भार पेलतात, म्हणून त्यांना हवा जास्त लागते. प्रकार तोच ठेवून केवळ माप वाढवले, तर मात्र तोच भार बहुधा कमी दाबातही पेलला जातो. त्यामुळे ‘टायर मोठा म्हणजे हवा जास्त’ हा ठोकताळा मला धोक्याचा वाटतो.

दाब ठरतो तो चाकावरच्या भारावरून. नेहमीचा माल भरून ट्रक वजनकाट्यावर न्यावा आणि पुढच्या व मागच्या अॅक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे. समजा, मागच्या अॅक्सलवर 6,000 किलो भार असून तिथे चार टायर आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 1,500 किलो येतात. पण माल एका बाजूला जास्त असेल तर जड बाजूचाच आकडा धरावा. मग टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात आपल्या मापासमोर तो भार शोधावा. जोडचाकांचा (एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांचा) रकाना वेगळा असतो आणि घाईत नेमकी तिथेच गफलत होते. रिमची दाबाची मर्यादाही पाहून घ्यावी.

पडताळणीसाठी नक्षीवर आडवी, जाड खडूची रेघ ओढून कोरड्या, सपाट रस्त्यावर ट्रक थोडा सरळ चालवावा. रेघ फक्त मध्यभागी पुसली गेली तर हवा जास्त आहे, फक्त कडांना पुसली गेली तर कमी आहे. मात्र खडू भार मोजत नाही, म्हणून रेघ काहीही सांगो, तक्त्यातल्या आकड्याच्या खाली जाऊ नये.

धावून तापलेल्या टायरमधला वाढलेला दाब पाहून हवा काढणे ही फार महाग पडणारी चूक आहे. 100 पीएसआयच्या टायरमध्ये तापमान 10 अंश सेल्सियसने वाढले की दाब साधारण 4 पीएसआयने चढतो, आणि तक्त्यातले आकडे थंड टायरचेच असल्यामुळे ही वाढ त्यांत गृहीत धरलेली असते. म्हणून ट्रक किमान तीन तास उभा राहिल्यावर, शक्यतो उन्हात नसताना, हवा मोजावी.

जोडचाकांतला आतला टायर हात पोचत नाही म्हणून तपासायचा राहतो. त्याची हवा उतरली की बाहेरच्यावर जादा भार येतो. हातोडीने ठोकून येणाऱ्या आवाजावर विसंबू नये, खात्रीचे गेजच लावावे. एखादा टायर ठरलेल्या दाबापेक्षा 20 टक्के किंवा त्याहून जास्त कमी हवेवर धावला असेल, तर त्यात नुसती हवा भरून पुढे निघू नये. बाजूच्या पोलादी तारा वाकून-वाकून कमकुवत झालेल्या असू शकतात आणि हवा भरतानाच ती बाजू एका रेषेत उसवून टायर फुटू शकतो. असा टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्यावा, आणि तो ठीक ठरला तरच लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूच्या समोर कोणीही उभे न राहता त्यात हवा भरावी.