शेजारच्या आरव्हीच्या मदतीला धावताना या चुका टाळा

अंधार पडत आलेला असतो. नवा पाहुणा आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन कॅम्पवर येतो आणि गाडीमागे जोडलेला तो ट्रेलर जागेत मागे घ्यायला लागतो. आजूबाजूचे चारजण खुर्च्या सोडून उठतात. एक म्हणतो डावीकडे घ्या, दुसरा म्हणतो नको नको, उजवीकडे! ओळखदेख नसताना माणसं अशी उठून येतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण नुकसानही नेमकं तेव्हाच होतं. माझ्या ट्रेलरची मागची शिडी अशीच फांदीत अडकून वाकली. सगळे चाकांकडे बघत होते, वर कुणाचंच लक्ष नव्हतं.

चारजणांनी रस्ता दाखवणं

खुणा करणारा एकच हवा. बाकीच्यांनी फांद्या, वायरी, नळाचा खांब यांवर नजर ठेवावी आणि काही दिसलं तर फक्त "थांबा" म्हणून ओरडावं. तो शब्द मात्र कुणीही उच्चारला तरी गाडी थांबलीच पाहिजे. खुणा करणाऱ्याने ड्रायव्हरला आरशात दिसेल असं उभं राहायचं, आणि तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा.

"डावीकडे" या शब्दाने तर हमखास घोळ होतो. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपटी उजवीकडे जाते. मग डावीकडे काय, चाक की शेपटी? म्हणून शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात दाखवायचा, एवढंच आधी ठरवून घ्या. ड्रायव्हरने स्टिअरिंग खालच्या बाजूला धरलं तर हात जिकडे सरकेल तिकडेच शेपटी वळते. नवख्याला ही युक्ती सांगितली की त्याचा चेहरा खुलतो.

आधी न विचारता जम्पर केबल लावणं

आतले दिवे लखलखीत, पण इंजिन चालू होत नाही. मोटरहोममध्ये, म्हणजे घर आणि इंजिन एकाच गाडीत असलेल्या आरव्हीत, असं होतं, कारण आतल्या घराची बॅटरी वेगळी आणि इंजिनाची वेगळी असते. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बॅटऱ्या तात्पुरत्या जोडणारं बटण डॅशबोर्डवर असतं. आधी ते शोधा, कित्येकदा जम्पर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून इंजिन चालू करायची चिमट्यांची वायर, काढायचीच वेळ येत नाही.

केबल लावायचीच झाली तर दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्याच आहेत ना, हे विचारून घ्या. मोठ्या वाहनांत 24 व्होल्टही असतात. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा क्रम. गाडीच्या पुस्तिकेत जोडायची वेगळी जागा दाखवली असेल तर तीच वापरा.

पाण्याची नळी कुणालाही देणं

पिण्याच्या पाण्याची नळी संडासाची टाकी धुवायला कधीही द्यायची नाही. शेजारी कितीही जवळचा असो, नाही म्हणा आणि वेगळी जुनी नळी द्या. टाकी रिकामी करणारा नवखा असेल तर त्याला सांगा: आधी संडासाची टाकी सोडा, मग सिंकची. साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो.

जनरेटर उसना देतानाही जागा तुम्हीच दाखवा. धुराचं तोंड कुणाच्याही खिडकीकडे नको, अंतर किमान 6 मीटर हवं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

संकोचाने गप्प बसणं

ही चूक मदत मागणाऱ्याची. गॅसवर चालणारा फ्रिज रात्रभर गार होत नाही, माणूस बिचारा बटणं दाबत बसतो आणि सकाळी सगळं दूध नासतं. हा फ्रिज गाडी तिरकी असली की नीट चालत नाही. शेजाऱ्याची पाणसळ मागून फ्रिजच्या तळावर ठेवली असती तर दहा मिनिटांत कारण सापडलं असतं. मागताना "फ्रिज बिघडलाय" एवढंच म्हणू नका. कधीपासून बिघडलाय, गॅसवर की विजेवर आणि तुम्ही काय करून पाहिलंत, ते सांगा. पण गॅसचा वास येत असेल तर विचारत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, सिलेंडर बंद करा, एकही स्विच दाबू नका, आणि शेजाऱ्यालाही आत डोकावू देऊ नका.

काम झालं की निघून जाणं

टायर बदलून दिलात, हात पुसलेत, चहा घेतलात. एक गोष्ट राहिली. 80 ते 160 किलोमीटर गेल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळायचे असतात, कारण नवं बसवलेलं चाक चालताना ते सैल होऊ शकतात. हे तोंडी सांगितलं तर तो पुढच्या वळणावर विसरेल. कागदावर लिहून त्याच्या स्टिअरिंगला चिकटवा.