ढब्बूला किती घालायचं? ट्री फ्रॉग पाळणाऱ्यांसाठी

आधीच सांगते, आमचा बेडूक म्हणजे व्हाइट्स ट्री फ्रॉग, मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, आम्ही राहतो इंग्लंडात रेडिंगला आणि त्याचं नाव ढब्बू. नाव लेकीने ठेवलं कारण दिसतो हुबेहूब ढब्बू मिरचीसारखा, हिरवागार, चकचकीत, पोटाला गोल. इथेही या जातीला डम्पी म्हणतात म्हणजे जगभर सगळ्यांना एकच सुचलंय. चार वर्षं झाली त्याला आमच्याकडे येऊन. ओळखीतले दोघं-तिघं विचारत होते आम्हालाही घ्यायचाय, काय काय लागतं, दर वेळी फोनवर तेच तेच सांगून दमले म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट, हा प्राणी पंधरा वर्षं सहज जगतो, नीट ठेवला तर त्याहून जास्तच. लेकीला आठव्या वाढदिवसाला घेऊन देताय तर ती कॉलेज संपवून नोकरीला लागेल तेव्हा ढब्बू तुमच्याकडेच असणार आणि त्याचे किडे तुम्हीच आणणार, हे डोक्यात पक्कं ठेवून मगच जा. घेताना घरी पैदास केलेलाच घ्या. आणि भारतात असाल तर पावसाळ्यात बाथरूममध्ये आलेला बेडूक डब्यात भरून ठेवायचा असला उद्योग करू नका, रानातला प्राणी बंद जागेत खात नाही, झुरतो आणि मरतो. बघायचेच असतील तर आंबोलीला पावसात रात्री टॉर्च घेऊन जा, पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचं घरटं बांधणारा मलबार ग्लायडिंग फ्रॉग तिथे दिसतो, बघा आणि परत या.

घर. आम्हाला दुकानदाराने एवढासा प्लॅस्टिकचा डबा विकला होता, म्हणाला वाढेल तसं बघू. पैसे वाया. मोठा झाला की हा आठ-दहा सेंटिमीटरचा होतो आणि झाडावरचा असल्यामुळे त्याला लांबीपेक्षा उंची हवी, त्यामुळे एकदम ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटरची, पुढून उघडणारी, वर जाळी असलेली काचपेटीच घ्या. आत आडव्या-तिरक्या जाड फांद्या, कारण तो ढब्बूच आहे, बारीक काडी वाकते. खाली कोकोपीट, आपण कुंडीत घालतो तेच, फक्त खत मिसळलेलं नको. खडे, वाळू, बारीक लाकडाचे तुकडे अजिबात नकोत, किड्यावर झडप घातली की खालचंही तोंडभरून गिळतो आणि ते आतड्यात अडकतं. नवीन आणलेला असेल तर पहिला महिना नुसता किचन पेपर घाला, दिसायला काही खास नाही पण शी कशी होतेय ते कळतं आणि बेडकाच्या तब्येतीची निम्मी बातमी तिथेच असते.

हीटरचं लफडं इथल्या लोकांनी नीट वाचा. दिवसा २४ ते २८ डिग्री, वरच्या एका कोपऱ्यात तीसपर्यंत चालेल, रात्री १८-२० ला उतरलं तरी काही होत नाही. पण इथे जानेवारीत बिलाच्या भीतीने रात्री हीटिंग बंद करतो आपण आणि घर पंधरावर येतं, ते त्याला नको. बल्ब जाळीच्या बाहेर, वरून लावायचा, आत नाही, कारण तो चढून बल्बवरच जाऊन बसेल आणि भाजेल, आणि बल्बला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) पाहिजेच पाहिजे. यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) पाच-सहा टक्केवाली ट्यूब लावा, बारा तास चालू बारा तास बंद, आणि वर्षाने बदला, दिसायला उजेड तेवढाच पडतो पण यूव्ही कमी झालेलं असतं. ओलावा ५० ते ६० टक्के, संध्याकाळी एकदा फवारा मारला की झालं. बेडूक म्हणून पेटीत कायम मुंबईचा जुलै करून ठेवू नका, हा कोरडा ऋतू काढणाऱ्या मुलखातला आहे, सतत ओलं आणि कोंदट राहिलं की कातडीचं इन्फेक्शन होतं.

पाणी तो तोंडाने पीतच नाही. वाडग्यात बसतो आणि पोटाच्या-मांड्यांच्या कातडीने शोषून घेतो, म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट अंगात. म्हणून नळाच्या पाण्यात डीक्लोरिनेटरचे (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे) थेंब घालायचेच. रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे खरंय पण बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते असं उडत नाही. उलट टोकाला जाऊन डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणीही नुसतं देऊ नका, त्यात क्षार नसतात, बेडकाच्या अंगातल्या क्षारांचा तोल जातो. वाडगा रोज बदला. रोज म्हणजे रोज. पठ्ठ्याला शी करायला तीच जागा सापडते.

आता खाणं, सगळे विचारतात ते हेच आणि सगळे चुकतात तेही इथेच, आम्हीसुद्धा.

मुख्य जेवण म्हणजे रातकिडे. दुकानात डब्यातून मिळतात, साइझप्रमाणे. त्याशिवाय टोळ आणि दुबिया झुरळं. हो झुरळं. सांगलीला माझ्या सासूबाई ओट्याच्या कडेने खडूच्या रेघा ओढून ज्यांना मारतात त्यांचेच भाऊबंद मी इथे पैसे मोजून आणते, हे त्यांना सांगितलं त्या दिवशी त्या जेवताना गप्पच होत्या. माप सोपं आहे, बेडकाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर त्याहून मोठा किडा घालायचा नाही. वॅक्सवर्म नावाची गुबगुबीत अळी मिळते, ती म्हणजे नुसती चरबी, महिन्यातून एखाद-दुसरा, चकली-शंकरपाळ्यासारखा. बागेतले किडे नकोत, शेजाऱ्याने कसलं औषध मारलंय आपल्याला काय माहीत. चिकन, हॅमचे तुकडे तर नकोच, त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. पण एक लक्षात ठेवा की हलतंय ते खायचं एवढंच त्याला कळतं, सासूबाईंनी एकदा पनीरचा तुकडा काडीला लावून हलवला तर त्याने तोही धरला होता, मी पळत जाऊन काढला.

रातकिडे डब्यातून काढून तसेच घालू नका, दुकानातून आलेले ते स्वतःच उपाशी असतात, आत काही नाही नुसतं टरफल. आदल्या दिवशी त्यांना गाजराचा कीस, रताळ्याचा तुकडा, कोथिंबिरीचे दांडे असलं घाला, चोवीस तासांत त्यांची पोटं भरतात, मग ते बेडकाच्या पोटात. घालायच्या आधी एका झाकणाच्या डब्यात चिमूटभर कॅल्शियम पावडर आणि किडे टाकून हलक्या हाताने हलवायचं, अनारशाला खसखस लागते तेवढीच लागली पाहिजे, पांढरे भूत झाले की तो तोंड फिरवतो. बहुतेक वेळा कॅल्शियम आणि आठ-पंधरा दिवसांतून एकदा मल्टिव्हिटॅमिन. त्या मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या रूपात आहे का ते वाचून घ्या, नुसतं बीटा-कॅरोटिन बेडकांना नीट वापरता येत नाही, आणि ए कमी पडलं की जिभेचा चिकटपणाच जातो. मग बिचारा नेम धरतो, जीभ मारतो आणि किडा निसटतो. असं दोन-तीनदा दिसलं तर तो म्हातारा झाला म्हणून हसू नका, डॉक्टर गाठा.

किती घालायचं? पिल्लू असताना रोज. मोठं झालं, साधारण वर्षाचं, की आठवड्यातून दोनदा, एका वेळी चार-पाच मोठे रातकिडे. बास. संध्याकाळी घाला, तो रात्रीचा प्राणी. पंधरा-वीस मिनिटांत जे उरेल ते बाहेर काढा कारण उपाशी रातकिडे झोपलेल्या बेडकाला चावतात. आणि डब्याचं झाकण लावा, आमचे सहा पळाले होते, पाच सापडले, सहावा फ्रिजमागे दोन आठवडे मैफल करत होता.

खाताना मात्र एकदा जवळ बसून बघाच. आधी नुसता पुतळा. किडा हलला की मान थोडी तिरकी होते, मागच्या पायाची बोटं आखडतात, मग धप्पकन अख्खं अंगच फेकतो. पुढचे दोन्ही हात वापरून किड्याचे पाय तोंडात कोंबतो, लहान पोरं शेवया कोंबतात तसं. आणि गिळताना डोळे मिटून आत ओढून घेतो, डोक्यात दोन खळगे पडतात, कारण ते डोळेच टाळूवरून खाली दाबून घास घशाकडे ढकलतात. लेकीच्या मैत्रिणी हे बघायला येतात.

तर सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) दुसऱ्या वर्षी सहा महिने राहायला आल्या. आधी लांबून बघायच्या, मग हळूहळू त्यांची खुर्चीच तिकडे सरकली. ढब्बू संध्याकाळी काचेला पोट चिकटवून बसतो, माणूस दिसला की खायला आलं असं त्याला वाटतं, हे भूक नव्हे, सवय. पण आईंना कुठे पटतंय. “अगं बघतोय कसा आशेने, दोन घातले तर काय तुझं जातंय.” मी म्हणायची आई कालच खाल्लंय त्याने, त्या हो म्हणायच्या आणि मी कामावर गेले की लेक आणि आजी मिळून वॅक्सवर्म घालायच्या, रोज. मला कळलं कधी, तर त्याच्या डोळ्यांवरच्या वळ्या लोंबून डोळ्यांवर यायला लागल्या तेव्हा. या जातीत चरबी तिथे साठते. थोडी घडी असणं चांगलं, काहीच नसेल तर तो बारीक आहे, पण ती घडी डोळा झाकायला लागली की प्रकरण हाताबाहेर चाललंय. बेडकांच्या डॉक्टरने (साधे कुत्र्या-मांजराचे डॉक्टर बऱ्याचदा बेडूक बघत नाहीत, घेण्याआधीच एक्झॉटिकवाला शोधून ठेवा) वॅक्सवर्म पूर्ण बंद केले, रातकिडे निम्म्यावर आणले आणि किडे चिमट्याने तोंडाशी न देता पेटीत सोडा, शिकार करू दे म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी साबुदाण्याच्या जुन्या डब्यात बसवून किचनच्या काट्यावर वजन. कागदावर आकडे लिहितो. उतरायला सात महिने लागले.

हातात घ्यायची हौस कमीच ठेवा. घ्यायचाच तर आधी हात धुवा, साबणाचा अंश अजिबात राहता कामा नये, क्रीम-सॅनिटायझर तर नाहीच, आणि त्याच डीक्लोरिनेटरच्या पाण्याने हात ओले करून मग उचला. ठेवल्यावर परत साबणाने स्वच्छ धुवा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, लहान मुलांवर लक्ष ठेवा.

नवीन लोक घाबरतात त्या दोन गोष्टी. एक, मध्येच तो जांभया दिल्यासारखं तोंड वासतो, अंग फुगवतो, पायाने डोकं पुसतो, बघून वाटतं गेला आता. काही नाही, कात टाकतोय, आणि ती कात ओढून खातोसुद्धा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्री अकराला नवऱ्याला उठवलं होतं. दुसरं रंग. हिरव्याचा चॉकलेटी होतो, थंडीने, जागा बदलली तर, कधी नुसता मूड म्हणून. मुळात तो हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळ्याचा थर. जॉन व्हाइट नावाच्या सर्जनच्या पुस्तकात १७९० साली याची पहिली नोंद झाली तेव्हा इंग्लंडला पोचलेल्या नमुन्यांतला पिवळा थर, ते ज्या दारूत बुडवून टिकवले होते तिच्यात उतरून गेला होता, म्हणून शास्त्रीय नावात कायमचा ‘निळा’ चिकटला. तर चॉकलेटी झाला तर आधी थर्मामीटर बघा. पण दिवसेंदिवस तसाच राहिला, खाणं सोडलं, मांड्या किंवा पोट आतून लालसर दिसायला लागलं, अंग पाण्याने भरल्यासारखं फुगलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर.

आवाजाचं विचाराल तर नर ओरडतो. आमचा मिक्सरला उत्तर देतो. चटणी वाटायला घेतली की तो सुरू, व्हॅक्यूम लावला की तो सुरू, भाड्याच्या घरात भिंती पातळ असतील तर विचार करा.

कंटाळा आला तर सोडून द्यायचा नाही, बागेतल्या तळ्यातही नाही, आणि पेटीचं पाणीसुद्धा तळ्यात ओतायचं नाही. बेडकांच्या कातडीला होणारी कायट्रिड नावाची बुरशी अशीच पसरते आणि तिने जगभर बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात.

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जातो तेव्हा समोरची शेजारीण सांभाळते. मोठा बेडूक आठवडाभर न खाता आरामात राहतो, पाण्याचं मात्र तसं नाही, म्हणून तिला रोज फक्त पाणी बदलायला आणि थर्मामीटर बघायला सांगते. किडे मी आकडा टाकून वेगवेगळ्या डब्यांत ठेवते, मंगळवारचे चार, शनिवारचे चार, बाकीचा साठा कपाटात कुलपात. पेटीवर एक चिठ्ठी असते, तो काचेला चिकटून बघत बसेल, बघू दे. गेल्या वेळी परत आलो, बॅगा हॉलमध्येच टाकून लेकीने त्याला आधी काट्यावर ठेवलं. तीन ग्रॅम जास्त भरला. शेजारीण म्हणाली, नाताळ होता ना.