गावात वीजबचत अन् सोलारचा कार्यक्रम घ्यायचाय? मग एवढी तयारी करून ठेवा

आधी तारीख, कारण निम्मे कार्यक्रम तारखेतच पडतात. 14 डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन, म्हणून वरून पत्र येतं की त्या आठवड्यात जनजागृती करा आणि फोटो पाठवा. आता डिसेंबरात आपल्या मराठवाड्यात, बीडच्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या गावात असतंय कोण? म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, बाकी सगळे कोयता घेऊन उसाच्या फडात. फोटोपुरता कार्यक्रम करायचा असेल तर करा बापडे डिसेंबरात, पण लोकांच्या घरातलं बिल खरंच कमी व्हावं असं वाटत असेल तर गुढीपाडवा झाल्यावरची तारीख धरा. ऊसतोडीच्या टोळ्या परत आलेल्या असतात, कूलर-पंखे चालू झालेले असतात आणि बिल बघून डोकं तापलेलं असतं, त्यामुळे माणूस ऐकायच्या मूडमध्ये असतो. दाट लग्नतिथी आणि गावची जत्रा टाळा, मृगाच्या तोंडावर तर अजिबात नको. वेळ रात्री जेवणं उरकल्यावरची. दुपारी पत्र्याच्या सभामंडपात बसवलं तर माणसं पंख्याखालची जागा शोधतील, तुमचं भाषण नाही. आणि बायकांना स्वतंत्र निरोप द्या, बचत गटाच्या ताईंकडून, कारण "घरटी एक माणूस" म्हणलं की बाप्याच येतो आणि घरात बटणं दाबणारी बाई घरीच राहते.

सामानात सगळ्यात महत्त्वाचा वॉटमीटर. प्लगमध्ये बसतो आणि कुठली वस्तू किती वॉट खाते ते आकड्यात दाखवतो, हजाराच्या आत मिळतो. प्रोजेक्टर नसला तरी चालेल पण हा पाहिजेच. सोबत एक जुना पंखा (कुणाच्या तरी घरातला उतरवून आणा, नवाकोरा नको), एक बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा), एक पिवळा 60 वॉटचा बल्ब, एक 9 वॉटचा एलईडी, जाड वायरचं एक्स्टेन्शन आणि टेस्टर. दोन्ही पंखे मंडपाच्या पाईपला आधीच बांधून ठेवा, ऐनवेळी शिडी शोधत बसू नका. मग पाच नंबरवर जुना पंखा लावा, मीटरवर 75 च्या आसपास आकडा येतो, जुनाट असेल तर जास्तच. तो बंद करून बीएलडीसी लावा, 28-30. वारा तेवढाच. पुढच्या रांगेतल्या एखाद्या आजीलाच आकडा मोठ्यानं वाचायला लावा, वाचता येत नसेल तर नातवाला. इथं तुम्ही काही बोलू नका, थोडा वेळ गप्प बसा, लोक आपापसात हिशोब मांडायला लागतात.

तो हिशोब तुमच्याकडे लिहून तयार पाहिजे मात्र. 75 चा पंखा रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट, 30 चा चालला तर 11 च्या आत. म्हणजे एका पंख्यामागं 16 युनिट, तीन पंखे असतील तर 48. आणि 100 युनिटच्या पुढं दर एकदम उडी मारतो, त्यामुळे वाचलेले युनिट हे महागातले युनिट असतात, हे फळ्यावर लिहूनच दाखवा. एक गोष्ट आवर्जून सांगा की बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो, रेग्युलेटर काढून डायरेक्ट जोडायचा, नाहीतर आतलं सर्किट जातं आणि मग गावभर बोंब होते की हे पंखे फालतू आहेत.

पंख्याचा भाव ऐकून लोक मागं सरकतात, साहजिक आहे. त्यासाठी एलईडीची गोष्ट तयार ठेवा. 2014 साली सरकारी खरेदीत एलईडी बल्ब तीनशेच्या वर जात होता, जानेवारी 2015 ला उजाला योजना आली, कोट्यवधी बल्बची एकत्र मागणी काढली आणि 2016 पर्यंत तोच बल्ब चाळीसच्या खाली आला. तेव्हा गावातल्या पंख्यांची मागणी एका कागदावर गोळा करा, तालुक्याच्या दोन-तीन दुकानदारांना आधीच भाव विचारून ठेवा, एकदम पन्नास पंखे म्हणलं की दुकानदाराचा सूर बदलतो.

पंख्याचं आधी आणि सोलारचं नंतर, हा क्रम मोडू नका. एजंट लोक उलटं करतात, येऊन सरळ 3 किलोवॉटच गळ्यात मारतात कारण सबसिडीचा मोठा आकडा तिथं दिसतो. घराच्या छतावर सोलार बसवायची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 ला आली, त्यात पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार. बरोबर आहे, पण वरचे पैसे तुमच्या खिशातून किंवा कर्जातून जातात ना. 1 किलोवॉट सरासरी दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतो, महिन्याला 120 धरा. ज्याचं बिल 150 युनिटचं आहे त्यानं पंखे-बल्ब बदलून ते 100 वर आणलं तर त्याला 1 किलोवॉटमध्ये भागतं, नाहीतर 2 घ्यावा लागतो. जास्तीचे युनिट वर्षाअखेर उरले तर त्याचे पैसे मिळतात खरे, पण आपण वीज घेतो त्या दराच्या मानानं किरकोळ. म्हणून कार्यक्रमाला येताना प्रत्येकानं वर्षभराची बिलं आणायची, निदान एक मेचं आणि एक जानेवारीचं, हे दवंडीतच सांगा.

कागदपत्रांचं टेबल वेगळं ठेवा आणि तिथं शांत डोक्याचा माणूस बसवा. वीजबिल, आधार, पासबुक, घराचा नमुना 8. इथं सगळ्यात मोठी अडचण येते ती नावाची. बिल आज्याच्या नावावर, आजा जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली, घर बापाच्या नावावर आणि अर्ज करणार नातू. हे आधी महावितरणकडं नाव बदलून घ्यायला लागतं, थकबाकी असेल तर ती भरायला लागते, त्याशिवाय पुढं सरकत नाही. तेव्हा कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी ग्रामसेवकाला सांगून अशी घरं हुडकून ठेवा. सूर्यघरच्या पोर्टलचा पत्ता फलकावर मोठ्या अक्षरात लावा आणि सांगा की शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर तिथं बोटसुद्धा लावू नका. सोलार पंपाच्या नावानं पैसे भरा म्हणून फोन, बनावट वेबसाईट लई झाल्यात. सबसिडी सिस्टीम चालू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येते, "तुमची सबसिडी मी काढून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

छताचं पण बघून ठेवा. 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. आपल्याकडं आरसीसी आहे, पत्रे आहेत आणि अजून माळवदं पण आहेत. माळवदावर पॅनलचा भार टाकू नका, सरळ नाही म्हणून सांगा, लातूर-धाराशिवकडं तर 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या माणसाला मातीच्या छताचं वेगळं सांगायला लागत नाही. पत्र्यावर बसतं पण खालचे अँगल मजबूत पाहिजेत, वावटळीत पत्र्यासकट उडायला नको.

आता प्रश्नांची तयारी. पहिला प्रश्न शंभर टक्के हाच येणार, "लाईट गेल्यावर चालंल का?" उत्तर, साधी ऑनग्रिड, म्हणजे बॅटरी नसलेली, थेट लाईनला जोडलेली सिस्टीम चालत नाही. भर उन्हात पॅनल तापलेले असले तरी लाईन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण तो चालू राहिला तर वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि वर खांबावर लाईनमन असेल तर त्याचा जीव जाईल. बॅटरीवालं हायब्रीड घेतलं तर चालतं पण महाग. हे तुम्ही आधीच सांगितलं नाही तर बसवल्यावर लोक शिव्या घालतात, आणि भारनियमनाच्या गावात जास्तच घालतात. दुसरा प्रश्न, "ऊन जास्त म्हणल्यावर परभणीत लई वीज होत असंल?" तसं नसतंय. पॅनलचं रेटिंग 25 डिग्रीचं असतं, मे महिन्यात काच 65 पर्यंत तापते आणि उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी पडतं. पॅनलला प्रकाश लागतो, उष्णता बाधते. तिसरा प्रश्न धुण्याचा. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की क्षाराचा पांढरा थर बसतो, म्हणून शक्यतो पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी, सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नाही. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसात भुसा बसतो, कारखान्याजवळच्या गावात चिमणीची काजळी, तेव्हा तिथं जास्त वेळा पुसायला लागतं.

चौथा, "आपल्याला कशाला हे, परळीत थर्मल हाय की." याचं उत्तर देताना भांडू नका, फक्त 2013 चा दुष्काळ आठवून द्या, तेव्हा खडका धरणात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवायला लागलं होतं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं आणि आपल्याकडं तेच नसतं. पॅनलला धुण्यापुरतं लागतं.

शेतकरी सोलार पंपाचं विचारणारच. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के भरायचे, अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद पाहिजे, सामाईक असेल तर भावाभावाचं ना-हरकत, ते मिळवणं म्हणजे सोलारपेक्षा अवघड काम. पण या विषयात माझं एक म्हणणं आहे आणि ते कार्यक्रमात कुणीतरी स्पष्ट बोलायला पाहिजे. बिल नाही म्हणल्यावर मोटर सकाळी चालू होते ती ऊन मावळेपर्यंत चालूच, बांधावरून पाणी वाहून चाललंय तरी कुणी बघत नाही, आणि फेब्रुवारीत बोअर बंद. तेव्हा पंपाची माहिती देणार असाल तर ठिबकचा माणूस त्याच दिवशी बोलवा. ज्यांची लाईनवरची मोटर आहे त्यांना कॅपॅसिटर बसवा आणि ऑटो स्विच काढा हे सांगा, लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळतो, मग आठ-आठ दिवस बोंबलत बसायचं.

चुलीचा विषय थोडक्यात पण घ्याच. उज्ज्वलाचं सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल तुराट्या-पऱ्हाट्यांवर, हे निम्म्या घरात दिसतं, कारण भरून आणायला पैसे लागतात. गोबरगॅस चांगला, पण 2 घनमीटरला रोज 50 किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी, ते ज्याच्या दावणीला आहे त्यालाच सुचवा. भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं बायकांना पुढं केलं, पुढं त्याच बायका सोलार दिवे आणि सुधारित चुली गावोगाव विकायला लागल्या, तेव्हा या विषयावर बोलायला पण बाईच उभी करा.

ग्रामपंचायतीला आधी स्वतःचं बिल वाचायला लावा. भर दुपारी जळणारे खांबावरचे दिवे आणि नळयोजनेची मोटर, एवढं दुरुस्त केल्याशिवाय सरपंचांनी माईक हातात घेऊ नये असं माझं मत.

सोलारवाला ठरवताना स्वस्तात कोण देतं यापेक्षा बिघाड झाल्यावर कोण येतं ते बघा. बांगलादेशनं 2003 पासून 40 लाखांच्या वर घरांत छोटे सोलार संच पोहोचवले, त्यात विकणारी संस्थाच हप्ता घ्यायला दारात यायची, मग बॅटरी पण तीच बघायची. आपल्याकडं विकणारा संभाजीनगरला आणि फोन बंद. पाच वर्षांची देखभाल, पॅनल देशात बनलेले (नाहीतर सबसिडी नाही), अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे, गारपिटीचा विमा कुणाकडं, हे सगळं करारात लिहून घ्या.

कार्यक्रम झाल्यावर आलेल्यांची नावं आणि त्या महिन्याचे युनिट वहीत लिहून ठेवा, पुढच्या बिलाला परत विचारा. ज्यांचं कमी झालं ते स्वतःच सांगत फिरतील. ज्यांचं वाढलं त्यांच्या घरी वॉटमीटर घेऊन जा आणि पहिल्यांदा फ्रीजला लावा, जुन्या फ्रीजचं रबर गेलेलं असतं आणि तो दिवसभर थांबतच नाही.